श्रावणाच्या पहिल्या दिवशी वितळलेले शिंपले

मी तीन वर्षं शिंपल्यांच्या पिल्लांवर संशोधन केलं असं सांगितलं की लोक विचारतात, "जालन्यात समुद्र कुठाय?" समुद्र कशाला पाहिजे? गोदावरीत गोड्या पाण्याचे शिंपले असतात. घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव नदीपासून जवळ, म्हणून विद्यापीठातल्या सरांनी हा विषय माझ्याच गळ्यात मारला.

सोपं करून सांगते. शिंपल्याची मादी पावसाळ्यात अंडी आपल्या कल्ल्यांतच वाढवते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होतात, आणि पुढं त्या कणाएवढ्या जिवाला कवच येतं. पेशींना वाढीचा निरोप देणारे काही जीन असतात. त्यातला कुठला कवचाच्या आधी जागा होतो, एवढंच मला शोधायचं होतं. कवच आलेल्या पिल्लांचे नमुने माझ्याकडे होते, अगदी सुरुवातीच्या अवस्थेतले नव्हते. ते नसले तर प्रबंध होणारच नव्हता, आणि माझ्या फेलोशिपचं ते शेवटचं वर्ष.

एका शनिवारी ते सापडले. नदीकाठीच ड्राय आइसवर थिजवले. रविवारी लॅब बंद, सोमवारपर्यंत बर्फ टिकणार नव्हता, म्हणून डबा घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. नमुने वितळले तर आतलं सगळं पुसलं जातं, हे आईला सांगितलं नाही. तिला काय कळणार त्यातलं, असं वाटलं. एवढी मी शहाणी.

रविवारी सकाळी परत नदीवर गेल्ते. दुपारी आले तर फ्रीज धुऊनपुसून लख्ख, आणि डबा माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"श्रावण लागला आजपासून," आई म्हणाली. "फ्रिजात मास कसं ठेवावं? पण फेकलं न्हाई बरं का. वल्लं फडकं दोनदा बदललं. गार हाय बराबर."

मी डबा उघडला. कुप्यांत पाणी झालं होतं. राग यायला पाहिजे होता. एरवी चहात साखर जास्त झाली तरी मी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी काहीच आलं नाही. रडूही नाही. हातपाय धुतले आणि जेवायला बसले. वरणभात दोनदा घेतला.

"बिघडलं का काही?" आईनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात धरणातून पाणी सोडलं, नदी दुथडी भरली आणि शिंपल्यांचा हंगाम तिथंच संपला. सर म्हणाले, आता मुदतवाढ मिळणार नाही. मी बरं म्हणाले. मंग जालन्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. लोक कारण विचारायचे तेव्हा मी कंटाळा आला म्हणून सांगायचे. खरं सांगितलं असतं तर आईनं जन्मभर स्वतःला बोल लावला असता.

परवा मावशी आली होती. मी भाजी निवडत बसले होते. आई तिला सांगत होती, "लय हुशार हो ही. डॉक्टर लागलं असतं नावापुढं. आम्ही कशाला कमी पडलो न्हाई, पण हिचंच मन लागलं न्हाई." मंग माझ्याकडं वळून म्हणाली, "खोटं बोलते का मी?"

"न्हाई," मी म्हणाले. "खरंय."