अनंताची काडी

मी माझ्या थोरल्या वहिनीला फसवलं. तिनं मला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं बोलताना माझी जीभ दादाला दोष द्यायला वळणार — मला माहीत आहे. आजवर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

चाकूरच्या घराची वाटणी झाली तेव्हा दादानं रस्त्याकडची बाजू घेतली, दुकानासकट. मला मागचं परसू. "तुला काय, तू कुठंबी कमावशील," म्हणाला. कमावलं. जुने ट्रॅक्टर घेत-विकत घर उभं केलं. पण ते वाक्य अजून विसरलो नाही.

त्या परसात मी अनंत लावला. आमच्या काळ्या मातीत, बोअरच्या जड पाण्यावर तो पिवळा पडतो. म्हणून खड्डा खोदून उदगीरकडची तांबडी माती भरली, पाल्याचं खत घातलं. गावात टँकर यायचे त्या दिवसांतही आधी त्याला पाणी, मग आम्हाला. असा फुलला की वास थेट दादाच्या दुकानात जायचा. जाऊ दे — कळू दे त्याला, असं वाटायचं.

मग पावसाळ्यात वहिनी आली. "भाऊजी, एक काडी द्या की. सोमवारी महादेवाला घरचं फूल होईल."

ही तीच बाई — माझ्या कडकीच्या दिवसांत दादाला न कळता मला भाकरी बांधून देणारी. वाटणीत ती काय बोलणार होती? तिला विचारलं होतं कुणी? तरी माझ्या डोक्यात एकच — माझं झाड दादाच्या दारात फुलणार. का म्हणून?

नाही म्हणता आलं असतं. पण गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची मला सवय नाही. चांगली काडी निवडली. आत चहाचं आधण उकळत होतं. काडीचं बूड त्यात धरलं, पुसलं, आणि हसत तिच्या हातात दिली. अनंताची पानं जाड — काडी मेली तरी काही दिवस हिरवीगार दिसतात. नवा रंग मारलेल्या खराब ट्रॅक्टरसारखी.

ती वाळली. पुढच्या पावसाळ्यात वहिनीनं पुन्हा मागितली. मी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्या वर्षीही.

वहिनीला मूल नाही. हे मला माहीत नव्हतं? बायका काय बोलतील, हे कळत नव्हतं?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात कडब्याच्या खोपटात, कोपीत, लक्ष्मीची ओटी आमच्याकडं थोरली सून भरते. तिसरी काडी वाळली त्या वर्षी वहिनी तबक घेऊन वाकली, आणि घरातली वडीलधारी आमची काकू सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या हातानं एक काडी जगंना, अन् ही रानाची ओटी भरायली. सर बाजूला. धाकटीला भरू दे."

दादा आंबील पीत राहिला. मी जागेवरून हललो नाही. तबक माझ्याच बायकोच्या हातात गेलं. वहिनी नुसतं "हाव, बरं" म्हणाली आणि भज्जी वाढायला लागली.

तेव्हापासून ती कुठल्या रोपाला हात लावत नाही. तुळशीलासुद्धा पाणी दादा घालतो.

यंदा मी अनंताचं चांगलं मुळं धरलेलं रोप घेऊन वहिनीकडं गेलो. मनात म्हटलं, फिटलं. ती मागं सरकली. "तुमीच लावा, भाऊजी. माझा हात नको."

मी लावलं. ते फुललं. आता काकू गल्लीभर सांगत हिंडते, धाकट्याच्या हाताला गुण आहे.

गुण! ऐकलं की डोकं फिरतं. काकूचा राग येतो, मान खाली घालून आंबील पिणाऱ्या दादाचा येतो. पण ते आधण त्यांनी ठेवलं नव्हतं.

मला माफी नको. वहिनी मागितल्याबरोबर देईल — म्हणूनच नको. तुम्ही हे ऐकलंत, तर येत्या येळवशीला त्याच कोपीपुढं, काकूदेखत, दादादेखत मला उभं करा आणि विचारा — त्या काड्या कुणी मारल्या?