पेटीत वर ठेवलेला घड

आमच्या बावड्याच्या मळ्यातली द्राक्षं पहिल्यांदा बोटीनं परदेशी निघाली, तेव्हा कागद मी भरले आणि पेट्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. वर्षाचा सगळा मळा त्या एका कंटेनरात होता. कामाची वाटणी मीच केली होती, त्यामुळं बोंब मारायची तर माझ्याच नावानं मारावी लागते.

पेटीत पाच किलो, असं मी कस्टमच्या कागदावर लिहिलं. आबांनी पाच किलोच भरले आणि काटा बाजूला सारून प्रत्येक पेटीत वर एक घड ठेवला. आमच्याकडं मापाला माप कुणी देत नाही. काटा बरोबर आला की वर थोडं टाकायचं, नाहीतर देणारा चिकट. घेणारा गोरा असला म्हणून काय झालं, त्यालाही पोरंबाळं असतीलच. मला त्यांनी हे सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नाही.

बंदरात कस्टमच्या साहेबांनी कंटेनर उघडायला लावून दहा पेट्या तोलल्या. दहाही जड निघाल्या.

"साहेब, जास्त आहे, कमी नाही," मी म्हणालो.

"तेच तर. जास्तीचा माल कागदावर का नाही?"

त्यांचं काही चुकत नव्हतं, याचाच मला राग आला. जास्त मालाचं कारण लेखी द्या, असं ते म्हणाले. मी अर्धा तास कोरा कागद धरून बसलो. शेवटी बंदरातली कामं बघणाऱ्या आमच्या एजंटनं ओळ लिहिली आणि मी खाली सही ठोकली. कागद दुरुस्त होईपर्यंत बोट निघून गेली. पुढची आठ दिवसांनी होती, आणि तोवर घडाचा देठ वाळला की तिकडचा व्यापारी मालाला हात लावत नाही.

बंदरातून फोन करून गावातल्या एसटीडी बूथवर आबांना बोलावून घेतलं. बोट चुकली म्हणून सांगितलं.

"माल कमी भरला म्हनत्यात का?"

"न्हाय आबा. जास्त भरला म्हणून."

मी तापलेलोच होतो. तुमच्या दिलदारीनं मळा बुडवला, असं बोलून गेलो. बापाशी असं बोलायचं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"मग तू काय लिहून दिलंस?" आबांनी विचारलं.

"आमची चूक झाली म्हणून."

"चूक न्हवती ती," आबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.