सहाशे ठिपके

त्या फर्निचरच्या दुकानात खुर्च्या विकणारे सात जण होते आणि खुर्च्या लहान करणारा एकच. वेबसाइटवर जाणारा प्रत्येक फोटो त्याच्या हाताखालून जायचा, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. गिऱ्हाइकाला धीर नसतो, पान पापणी लवायच्या आत उघडलं पाहिजे, हे त्याचं पालुपद. कॅमेऱ्यातून आलेला चार हजार ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंदीचा सोफा तो सहाशेवर आणायचा आणि मूळ फोटोवरच सेव्ह करून मोकळा व्हायचा. मूळ वेगळा ठेवणं त्याला अडगळ जपण्यासारखं वाटे. सोफ्याचं ठीक होतं हो, सोफ्याचा फोटो पुन्हा काढता येतो.

पण स्वारीला खोडच जडली. एका रविवारी बसून त्यानं घरच्या कॉम्प्युटरवरचे सगळे फोटोही सहाशेवर आणले आणि कसे झटपट उघडतात ते बायकोला कौतुकानं दाखवलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती, "मलाही केलंत का बारीक? बरं झालं, माझ्यानं काही ते जमलं नसतं." दोघं पोट धरून हसली होती.

ती गेली त्याला आता चार महिने झाले. कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारी बाई. समोर बघून हसतानाचा तिचा एकच फोटो होता, गॅलरीत कपडे वाळत घालताना मुलीनं हाक मारून आपल्या फोनवर टिपलेला. मुलीचा तो फोन कधीच मोडीत निघाला होता. तिनं बाबांकडे दीड फुटाची फ्रेम पाठवली आणि कळवलं, रविवारी येते, तोवर आईचा फोटो लावून ठेवा.

फोटोवाल्यानं फाइल उघडली, मोठी केली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. हसू कुठे संपतं नि गाल कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. मूळ फोटो घेऊन या, फोटोवाला म्हणाला. मूळ आता हाच, कात्री म्हणाला. तळहाताएवढाच नीट निघेल असं कळल्यावर तो तेवढाच घेऊन घरी आला.

रविवारी मुलीनं फ्रेम पाहिली. एवढ्या मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध एवढीशी आई. त्यानं सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"बाबा, आईचा एक तरी तसाच ठेवायचात," एवढंच ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

मग घर खायला उठलं. जेवणाच्या टेबलाशी, त्याच्या नेहमीच्या जागेवरून, भिंतीवरच्या फ्रेममधला बायकोचा चेहरा दिसतच नव्हता. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. शेवटी ताट उचललं, खुर्ची ओढत भिंतीपाशी नेली आणि तिच्यासमोर बसून जेवला.