पहिली सही

आता माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं, ते माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्यानं सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल!

घाटनांदूरला माझं कापडाचं दुकान, वर घर. गावात केबल आणि एसटीडी बूथ नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी समोरच्या खांबावर भला मोठा हॅलोजन लागला. थेट माझ्या खिडकीत! कूस बदला, उशी तोंडावर घ्या, गोधडीत शिरा... झोप कसली येतेय? आठ दिवसांत मी पार वेडापिसा झालो. दुकानात पेंगता पेंगता एका नवरदेवाचा पँटपीस मधोमध फाडला!

माझा संशय खांबाशेजारच्या सिमेंटवाल्या आप्पांवर. त्यांचा माल रस्त्यावरच पडलेला असतो ना! मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी ग्रामसभेत उभा राहिलो.

"कुनीबी कुठंबी दिवा लावावा? पंचायतीला काही अधिकार हाय का न्हाई?"

"हाय की," ग्रामसेवक म्हणाले. "दिवाबत्ती पंचायतीच्याच हातात."

"मग आप्पांचा दिवा काढा!"

आप्पा दचकले. "माझा? कावून हो? त्यो पंचायतीनं लावलाय!"

"पंचायतीला ही अवदसा कुठून आठवली?"

"अर्ज आलता," ग्रामसेवक म्हणाले.

"कोन्या गाढवाचा? वाचा नाव!"

त्यांनी फाइल उघडली, चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात नाव वाचलं. माझं!

अहो, पेठेची रीतच तशी. कुणी कागद आणला की गिऱ्हाईक सोडून वाचत कोण बसतो? सह्या करून मोकळं व्हायचं. त्या अर्जावर सगळ्यात वरची जागा मोकळी दिसली. म्हटलं, मानाची सही आपलीच! पहिली सही करणाराच अर्जदार धरतात, हे मला काय माहीत?

सभा हसून हसून लोळली. ग्रामसेवक म्हणाले, "काढायचा तर नवा अर्ज द्या. शेजाऱ्यांच्या सह्या आना."

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आधी आप्पांकडे गेलो. हात जोडून माफी मागितली. त्यांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला, गिऱ्हाईक थांबवलं आणि अर्ज दोनदा वाचला.

"शेठ, रागावू नका. पर उजेड लई चांगला पडतो हो, माल राखायला! सही कशी करू?"

पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. अख्ख्या पेठेनं तो अर्ज अक्षर न् अक्षर वाचला.

त्यावर सही मात्र एकच आहे. माझी!