पुलापलीकडची मिशी

बहात्तिन उस्तादाचं न्हाव्याचं दुकान पुलाच्या अगदी तोंडाशी. एकोणऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात तिथं दुकान असणं म्हणजे भांडणाऱ्या दोन जावांच्या मधोमध चूल मांडून बसणं. वरची आळी डाव्यांची, खालची राष्ट्रवाद्यांची, मधे नदी, आणि दुकान वरच्या काठाला.

पूर्वी असं नव्हतं हो. निवडणूक आली की माणसं घसा बसेपर्यंत भांडायची आणि मतपेट्या गेल्या की एकाच कहवाखान्यात बसून पत्ते कुटायची. उमेदवार आधी उस्तादाच्या दुकानात यायचा, दाढी करून घ्यायचा, कारण गावाचं मन इथं कळतं हे त्याला ठाऊक असायचं. पण राजधानी अंकारातली सरकारं हिवाळी उन्हासारखी झाली, आत्ता आहे, आत्ता नाही. ज्या पक्षाच्या वाट्याला जे खातं जाई, त्या खात्याचा झाडूवालासुद्धा त्याच पक्षाचा होई. आरोग्य खातं राष्ट्रवाद्यांकडं गेलं, तर खालच्या आळीतल्या इस्पितळाच्या फाटकावरचा रखवालदार बदलला. मग कहवाखाने वाटले गेले, पावाच्या भट्ट्या वाटल्या गेल्या, आणि शेवटी मिशासुद्धा. वरचा ओठ झाकणारी, झुपकेदार, ती डाव्याची. दोन्ही टोकं हनुवटीपर्यंत ओघळलेली, ती राष्ट्रवाद्याची. बारीक कातरलेली, नमाज्यांच्या पक्षाची. पोरं नाव विचारायची नाहीत, गाव विचारायची नाहीत. तोंडाकडं बघायची आणि ठरवायची.

उस्ताद दोन्हींकडच्या मिशा करायचा. दुकानात त्यानं वर्तमानपत्र ठेवणंच बंद केलं होतं, कारण कुठलं ठेवलं यावरून लोक अर्थ काढायचे. कुणी फार छेडलं, "उस्ताद, तुम्ही नक्की कुणाकडचे?" की म्हणायचा, "बाळा, तुम्हा दोन्ही आळ्यांतल्या पोरांची सुंता मी केलीय. तेव्हा सगळे एकाच सुरात रडत होतात. मला फरक काही दिसला नाही." त्या काळी न्हावीच सुंता करायचा, त्यामुळं पोरं लाजून गप्प बसायची.

पण स्वतःच्या घरात त्याचं काही चालेना. एकुलता एक मुलगा तुंजाय शिक्षक व्हायला शहरात गेला आणि परत आला तो ओठावर झुडूप घेऊन. उस्तादानं कात्री उचलली तर म्हणाला, "बाबा, याला हात लावायचा नाही. ही माझी एकट्याची नाही."

"मग कुणाची रे? गावकीची?"

"माझ्या साथीदारांची."

उस्ताद मनातल्या मनात चरफडला. मिशीत भागीदारी असते हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच हिवाळ्यात रेफिये, उस्तादाची बायको, पोट धरून कोसळली. तिला खालच्या आळीतल्या इस्पितळात ठेवलं. उस्ताद रोज सकाळी पेटी घेऊन जायचा, रोग्यांच्या दाढ्या करायचा, आणि मग बायकांच्या खोलीत तिच्या उशाशी बसायचा. त्याला कुणी अडवत नसे, न्हावी सगळ्यांना लागतो. पण तुंजायचं काय? पलीकडं अल्पास्लान आणि त्याची राष्ट्रवाद्यांची टोळी पुलाच्या टोकाशी शेकोटी करून बसलेली. अल्पास्लान म्हणजे तुंजायच्या शाळेतल्या बाकावरचा जोडीदार, दोघांनी एकमेकांच्या शिदोऱ्या खाल्लेल्या. आता दोघं एकमेकांचं नाव घेत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, पोट कापावं लागेल, आणि पुढचं सांगता येत नाही. रेफियेनं नवऱ्याचा हात धरला. "अहो, मला कापायच्या आधी पोराला एकदा आणा. एवढंच मागते. लग्न झाल्यापासून दुसरं काही मागितलंय का मी?"

मागितलं नव्हतं, हेच तर दुखणं.

उस्ताद घरी आला आणि तुंजायला दुकानात नेऊन खुर्चीवर बसवलं. आईच्या आजारपणात पोराची दाढी वाढली होती, हनुवटीपर्यंत काळी झाली होती. "सबंध काढून टाका," तुंजाय म्हणाला.

"सबंध काढली की वरचा ओठ उघडा पडेल, पांढराफटक. आंधळ्यालाही कळेल की कालपर्यंत इथं काय होतं. नाही. मी त्यांच्यासारखी करतो."

"बाबा!"

"आईला भेटायचंय की नाही?"

तुंजायनं डोळे मिटले. उस्तादानं ओठावरचं झुडूप विरळ केलं, गालांवरची दाढी काढली आणि दोन्ही बाजूंनी दोन पट्ट्या खाली हनुवटीपर्यंत सोडल्या. काम झाल्यावर त्यानं पोराच्या गळ्यात आपला लोकरी मफलर घातला. "जाताना उघड्या तोंडानं जा, म्हणजे ते सोडतील. येताना पुलावर पाय ठेवण्याआधी हा तोंडावर गुंडाळ. अंधार पडायला लागला की इकडं तुझीच पोरं पहाऱ्यावर असतात."

"ती मला ओळखतात, बाबा."

"ती मिशी ओळखतात. गुंडाळ म्हणतो ना."

तुंजाय गेला. शेकोटीवरच्यांनी त्याला नुसती मान डोलावली, एकानं तर "ये भाऊ, शेक जरा" म्हटलं. अल्पास्लान तेव्हा तिथं नव्हता, नशीब. इस्पितळात आई उशीवर पडली होती, चेहरा इवलासा झालेला. तिनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला, ओठाशी आल्यावर थांबली.

"ही कुणी केली रे?"

"बाबांनी."

"वाटलंच. दोन्ही बाजू सारख्या आल्यात." आणि एवढ्या दुखण्यात ती हसली. मग म्हणाली, "कशीही असू दे. आलास ना."

तुंजाय तिच्या हातावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. तिचे खांदे गार पडले होते. निघताना त्यानं गळ्यातला मफलर काढून तिच्या खांद्यांवर घातला, नीट खोचला. त्या वेळी त्याला दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचायला तरी कशाला हवं होतं?

संध्याकाळी उस्ताद दुकान बंद करून घरी वाट बघत बसला. पोरगा आला नाही तेव्हा त्यानं मनाची समजूत घातली, आईनं ठेवून घेतलं असेल, बरंच झालं. सकाळी पेटी घेऊन तो नेहमीसारखा इस्पितळात गेला. पुरुषांच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर एक नवा रोगी होता. डोकं बांधलेलं, जबडा बांधलेला, डोळे सुजून बंद. मधे उरलेली ती मिशी उस्तादानं लगेच ओळखली. आपल्या हातचं काम माणूस कसा विसरेल?

खाटेशी अल्पास्लान बसला होता.

अल्पास्लान उठला, त्यानं म्हाताऱ्याला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात बोलला. "तिन्हीसांजेला पुलाच्या मध्यावर पडला होता. आमच्या पोरांनी बघितलं, आपला माणूस म्हणून उचलून आणला, डॉक्टरांना घरून बोलावून आणलं. जबडा मोडलाय, बोलता येत नाही. मी रात्री बघायला आलो, आपला कोण जखमी झाला म्हणून."

"मग?"

"मग काय. कानामागचा व्रण बघितला. शाळेत मीच दगड मारला होता."

"पोरांना सांगितलंस?"

अल्पास्लाननं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर त्याची पोरं उभी होती, आपल्या जखमी भावाला संत्री घेऊन आलेली. "माझ्या आत्याचा मुलगा आहे म्हणून सांगितलंय. उस्ताद, हाडं जुळेपर्यंत ती मिशी रोज नीट ठेवा. झुपका वाढू देऊ नका. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

उस्तादानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग पेटी उघडली, साबणाचा फेस केला, आणि सुजलेल्या तोंडाला धक्का न लावता पोराच्या मिशीच्या कडा साफ केल्या. तुंजायच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पलीकडं बायकांच्या खोलीत रेफिये नर्सला सांगत होती, माझा मुलगा काल येऊन गेला, आता मला कधीही कापा. तिला कुणी काही सांगितलं नाही.

उस्ताद परत आला, दुकान उघडलं. हात धुतले, परत धुतले. एवढ्यात दारात सेदात उभा. तुंजायचा जिवलग, वरच्या आळीच्या पहाऱ्याचा म्होरक्या, ओठावर तीच झुपकेदार मिशी, दारातच हात चोळत.

"उस्ताद, तुंजाय कुठाय? दोन दिवस दिसला नाही. मावशी कशा आहेत?"

"आहे. आज कापतील."

"त्याला सांगा, काळजी करू नको म्हणावं. पलीकडचे त्याला आईकडं जाऊ देत नाहीत ना, काल त्याचा हिशेब चुकता केला आम्ही. त्यांचा एक माजोरडा एकटाच पुलावरून येत होता, तोंड वर करून, जसा काही बापाचा पूल. मी पहिला दांडा घातला, तोंडावरच. तुंजायसाठी म्हणून घातला, सांगा त्याला."

उस्ताद टॉवेलाच्या घड्या घालत होता. एक घडी चुकली, ती त्यानं परत उलगडून घातली. या पोराचीही सुंता त्यानंच केली होती. त्या दिवशी सेदात सगळ्यांत जास्त रडला होता, आणि तुंजायनं आपल्या वाटची मिठाई त्याच्या हातात दिली होती. राग यायला हवा होता. आला नाही.

"चेहरा बघितलास त्याचा?" त्यानं विचारलं.

"चेहरा कशाला बघायचा? मिशी बघितली की."

"बरं." उस्तादानं खुर्चीवरचे केस झटकले. "तूच भेट तुंजायला. इस्पितळात आहे तो. खिडकीजवळची खाट."

सेदात हसला. "खालच्या आळीत? मी? या तोंडानं? पूल उतरू देतील का मला?"

"देतील. बस इथं. तुझी दाढीही वाढलीय बरीच. तुंजायची केली तशीच करून देतो."

"तुंजायची कशी केली?"

उस्तादानं अंगठा आणि बोटानं स्वतःच्या ओठाच्या दोन्ही कडांवरून हनुवटीपर्यंत दोन रेघा ओढून दाखवल्या.

सेदातचं हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, आणि मग हळूहळू तिथून गेलं. त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. दाराची चौकट धरली. उस्ताद टॉवेल घेऊन खुर्चीमागं उभा राहिला. सेदात आत आला आणि खुर्चीत बसला.