स्वच्छ टेबल

मुलीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय तिनेच निवडला होता: नाझींच्या तावडीतून ज्यूंना सोडवणारे परदेशी वकिलातींमधले अधिकारी. वरून मनाई असताना त्यांनी व्हिसे दिले, नोकरीची पर्वा केली नाही. आठवडाभर घरात तेच ऐकून माझं डोकं उठलं होतं. मी तहसील कार्यालयात दाखल्यांवर सही करणारी बाई. सही टाळण्यातच माझी निम्मी नोकरी गेलीय.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मखमलाबादकडची एक फुलवाली माझ्यासमोर उभी राहिली. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तलाठ्याचा अहवाल नव्हता, कारण तलाठीच रजेवर. प्रतिज्ञापत्र घेऊन सही करायचा अधिकार मला होता. पण उद्या कुणी विचारलं तर? अशा वेळी आमच्याकडे त्रुटी काढून अर्ज परत पाठवतात, म्हणजे तो आपल्या नावावर प्रलंबित दिसत नाही. याला आम्ही टेबल स्वच्छ ठेवणं म्हणतो. मी ठेवलं.

"मॅडम, आज पाचपर्यंतच मुदत हाय," ती म्हणाली.

"तलाठी आले की या," म्हणून मी हाफ डे टाकून शाळेत गेले.

सभागृहात जिवाला चैन नव्हतं. दोनदा खुर्ची बदलली, उगाच पाणी प्यायले. कुठे ते मरणाच्या दारातले लोक आणि कुठे हा दाखला, असं स्वतःला दटावलं. मुलगी छान बोलली. शेवटी मात्र तिने मी न शिकवलेलं वाक्य घातलं: "माझी आईसुद्धा सरकारी कागदांवर सह्या करते, म्हणून मला ही माणसं जवळची वाटतात." टाळ्या पडल्या. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या. मला लाज वाटली.

साडेतीन वाजले होते. बाहेर येऊन ऑफिसातल्या नोंदवहीतून तिचा नंबर मागवला आणि फुलवालीला फोन लावला.

"मुलीला घेऊन लगेच या. मी सही करते."

"आता कशी येईल मॅडम? तुमी नाय म्हणल्यावर तिची मावशी तिला अंबडच्या कंपनीत घेऊन गेली. पॅकिंगला. तीनलाच आत गेली."

"फोन करा तिला."

"मोबाईल गेटवर जमा करतात. प्रवेशाचा फॉर्म बी त्याच मोबाईलवरनं भरायचा हाय."

फोन तसाच कानाला धरून मी सभागृहाच्या पायरीवर बसले. तिला वाटलं असावं, मी रडतेय.

"जाऊ द्या मॅडम," तीच माझी समजूत घालू लागली, "तुमच्या तरी हातात काय होतं?"