वूफर घ्यायला गेलो तेव्हा

लेकीच्या कॉलेजसाठी घरात कॉम्प्युटर आला आणि पाठोपाठ स्पीकर घ्यायचं ठरलं. तिला शिकवणीचे व्हिडिओ ऐकायचे होते, पण खरी हौस आमच्या ह्यांची. हे जालन्यात लोखंडी सळया करणाऱ्या कारखान्यात कामाला. लग्नाआधी शहागडला भजनी मंडळात टाळ वाजवायचे. तिथल्या भजनाचं रेकॉर्डिंग कोणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं, ते त्यांना मोठ्या स्पीकरवर ऐकायचं होतं.

रविवारी आम्ही तिघं जुन्या जालन्यात गेलो. दुकानदार मारवाडी, ओळखीचा. वडिलांच्या कापडाच्या दुकानातली एक बाजू त्यानं स्पीकरसाठी मोकळी केली होती.

"भाऊ, हा सेट बघा. दोन छोटे स्पीकर अन् खाली हा वूफर. आवाज बिलकुल साफ."

ह्यांनी मोबाइल जोडायला लावला. पखवाज सुरू झाला तसा काउंटरची लाकडी फळी थरथरली. त्यावर टाळ असे खणखणीत, की लेक म्हणाली, "पप्पा, हाच घेऊ. मस्त आहे."

ह्यांनी मान हलवली. "न्हाई. ह्याच्यात टाळच न्हाईत."

दुकानदार हसला. त्याला वाटलं चेष्टा करतायत. मग ह्यांचा चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं दुसरा सेट लावला, मग तिसरा. सगळ्यांत टाळ वाजत होते. हे प्रत्येकाजवळ कान नेत आणि म्हणत, "पखवाज बराबर आहे. टाळ कुठंय?"

शेवटी एका स्वस्त सेटवर त्यांनी स्वतःच ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज निघाला. लेकीनं कानांवर हात ठेवले. समोर कापड बघणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. हे मात्र खुशीत म्हणाले, "आता जरा ऐकू येऊन राह्यलं. हाच द्या."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "वहिनी, एकदा कान दाखवून घ्या."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुकरची शिट्टी झाली तरी हे जवळ बसून असायचे. मी हाक मारली की ओ द्यायचे नाहीत, मला वाटायचं दमलेत. कानात रातकिडे ओरडतात असंही म्हणायचे. मी कोमट तेल घालून द्यायचे.

सेट त्यांच्या मनासारखाच घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, "कारखान्याच्या आवाजानं झालंय. बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. आहे तेवढं सांभाळा."

बाहेर पडल्यावर हे बराच वेळ गाडीला किल्ली लावेनात.

"मी कामाला लागलो तवा एकजण कानात बोळे घालायचा," ते म्हणाले. "आम्ही त्याला लई हसायचो. मंग त्यानं बी सोडलं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच.

कानाचं मशीन आणलं. ते घातलं की डोकं भणभणतं म्हणून चार दिवसांत कपाटात गेलं. कारखान्यात सांगून त्यांनी आवाजापासून लांब, वजनकाट्यावर बदली मागून घेतली. मिळालीही, पण ती पहिल्या वर्षीच मागायला हवी होती, असं ते अजून म्हणतात.

संध्याकाळी हे भजन लावून बसत. तो कर्कश आवाज सुरू झाला की लेक पुस्तक घेऊन गच्चीवर जाई आणि मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेई.

परवा ते पाणी प्यायला उठले तेव्हा लेकीनं ट्रेबलचं बटण अगदी खाली आणलं. नुसता पखवाज आणि वूफरची धम्मधम्म उरली. आता हे ओरडणार म्हणून मी दारातच थांबले. हे आले, खुर्चीत बसले आणि डोळे मिटून मांडीवर ठेका धरला. म्हणाले, "आज चांगलं वाजून राह्यलं."

टाळ पार गेलेत हे त्यांना कळलंच नव्हतं. लेकीनं घाबरून माझ्याकडं बघितलं. बटण परत वर करायला तिचा हात पुढं गेला. मी मानेनंच नको म्हटलं.

आता भजन लागलं तरी लेक त्यांच्याजवळ बसते. तो कर्कश आवाज तिला नकोच होता, तरी ती वाचता वाचता मध्येच थांबते आणि त्यांच्याकडं बघत राहते.